ओटॅगो व्यायाम : सत्तरीनंतर तोल सांभाळायला शिकवणारा क्रम

गेल्या दिवाळीनंतर मी ओटॅगो नावाचा व्यायामक्रम सुरू केला, आता गौरी-गणपती तोंडावर आलेत. माझं वय बहात्तर. या वयात घरच्या घरी, यंत्रबिंत्र न लागता करण्यासारखं काही आहे का, असं बऱ्याच मैत्रिणी विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

नाव न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठावरून आलंय. वयस्कर माणसांचं पडणं कमी व्हावं, याच हेतूने तिथल्या लोकांनी हा क्रम बसवला. १९९७ साली त्यांचा पहिला अभ्यास छापून आला, तो ऐंशी आणि त्यापुढच्या वयाच्या बायकांवरचा होता. पुढे चार अभ्यास एकत्र करून पाहिले. ६५ ते ९७ वयाची १०१६ माणसं होती त्यात, आणि पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. औषधाची एक गोळीही न देता!

माझ्यापर्यंत हे आलं थोरल्या जाऊबाईंमुळे. मोरीत पाय घसरून त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशननंतर घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी, त्या जरा सावरल्यावर, त्यांना हा क्रम दिला. मी शेजारी बसून बघत होते. म्हटलं, मलाही द्या. ताईंनी लगेच हो म्हटलं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठता येतं का, एका पायावर किती वेळ उभी राहू शकते, बीपीच्या गोळ्या कुठल्या, झटकन उठल्यावर अंधारी येते का, सगळं पाहिलं आणि मग माझा तक्ता लिहून दिला. जाऊबाईंचा तक्ता वेगळा, माझा वेगळा. व्यायाम तेच, पायरी ज्याची त्याची.

आठवड्यातून तीन दिवस साधारण अर्धा तास, मध्ये एकेक दिवस सुट्टी, आणि निदान दोन दिवस चालणं. सुरुवातीला मान, पाठ, कंबर आणि घोटे मोकळे करायचे. मग पायांची ताकद. घोट्याला वजनाचा पट्टा बांधून खुर्चीत बसायचं आणि गुडघा सरळ करत पाय उचलायचा. उचलताना मनात दोन-तीन आकडे, खाली आणताना चार-पाच. हा खाली आणतानाचा सावकाशपणा खरा घाम काढतो. मग उभं राहून गुडघ्यातून पाय मागे दुमडायचा, नंतर पाय बाजूला न्यायचा. त्यानंतर टाचा उचलणं आणि चवडे उचलणं. दहा वेळा सहज जमलं की आणखी एक फेरी, दोन्ही फेऱ्या सहज व्हायला लागल्या की वजन वाढवायचं. मी एक किलोने सुरुवात केली होती, आता दोनवर आहे.

खरी मजा तोलाच्या व्यायामात आहे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला चिकटवून, दोरीवर उभं राहिल्यासारखं दहा आकडे उभं राहायचं. तसंच टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायचं. नुसत्या टाचांवर चालायचं, नुसत्या चवड्यांवर चालायचं. आडवं चालायचं. इंग्रजी आठच्या आकड्यात वळत चालायचं, मी दोन स्टुलं ठेवून त्यांच्याभोवती फिरते. आणि उलटं चालायचं. स्वयंपाकघराच्या ओट्याला हात लावून मागे मागे जाताना पहिल्या आठवड्यात माझी बोटं ओट्याच्या कडेला अशी रुतायची की नखं पांढरी पडायची. नंतर पूर्ण पंजाऐवजी चार बोटं टेकली, मग दोन, मग हात नुसता ओट्याच्या वर अधांतरी. आता सुटी चालते, पण ओटा हाताशी असतोच. आधाराला काय घ्यायचं याबद्दल ताई फार कडक आहेत. प्लॅस्टिकची खुर्ची अजिबात नाही, ती सरकते. ओटा, नाहीतर भिंतीला टेकवलेली जड लाकडी खुर्ची. नजर समोर, पायांकडे नाही.

मी इतकं मनापासून लिहिते आहे ते या पायऱ्यांसाठी. "जरा हातपाय हलवत जा" हे आपल्याला सगळेच सांगतात. डॉक्टर सांगतात, मुलं फोनवरून सांगतात. पण कुठला हात, किती वेळा, आणि जमायला लागल्यावर पुढे काय, हे कुणी सांगत नाही. त्यामुळे माणूस जे जमतं तेवढंच करत राहतो. मी वर्षानुवर्षं आमराईत फिरते, सपाट वाटेवर. त्याने दम वाढला, झोप लागते, मन हलकं राहतं. पण सपाट वाटेवर तोलाला काही शिकावंच लागत नाही. इथे तक्त्यात लिहिलेलं असतं, खुर्चीतून पाच वेळा दोन्ही हात टेकून उठा, मग एक हात, मग हात न टेकता दहा वेळा. एका पायावर धरून दहा आकडे, न धरता दहा, मग न धरता तीस. कालच्यापेक्षा आज थोडं अवघड, पण झेपेल एवढंच. ही मात्रा ठरवायचं काम माझ्या डोक्यावर नाही, आणि म्हणूनच खंड पडला नाही.

फरक लगेच दिसत नाही. संक्रांत उलटून गेली तरी मला काही विशेष वाटलं नव्हतं. उन्हाळ्यात लक्षात आलं की एसटीच्या उंच पायरीवर चढताना मी कंडक्टरकडे हात मागत नाही. मोरीचा उंबरठा ओलांडताना भिंत धरत नाही. सलवार उभ्याउभ्या घालता येते, बिछान्यावर बसावं लागत नाही. रात्री उठताना जी धास्ती असायची, ती पुष्कळ ओसरली. गुडघेदुखी मात्र आहे तशीच आहे, हेही सांगते. तिच्यासाठी हा क्रम नव्हताच.

उणी बाजूही आहे. पहिली, कंटाळा. तेच ते व्यायाम असतात. मी आणि जाऊबाई आता व्हिडिओ कॉलवर बरोबर करतो, आकडे त्या मोजतात. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते. न्यूझीलंडच्या घरात कुणी पाटावर बसत नसणार. त्यामुळे जमिनीवर बसणं-उठणं या क्रमात नाही. आपल्याकडे पूजा, हळदीकुंकू, धाकट्या नातवंडांशी खेळणं, सगळं खाली बसून. मी ताईंकडे हट्ट धरला, तेव्हा त्यांनी पलंगाचा आधार घेऊन गुडघ्यावर येत उठायची रीत वेगळी शिकवली. तुम्हीही मागून घ्या.

इंटरनेटवर याची चित्रं मिळतात, पण ती बघून एकटीने सुरू करू नका. ज्यांना चक्कर येते, तळपाय बधिर आहेत किंवा नुकतंच ऑपरेशन झालंय त्यांनी तर नाहीच. फिजिओथेरपिस्ट पहिल्या दोन महिन्यांत चार-पाच वेळा घरी आल्या की पुरतं, पुढे फोनवर चालतं. खर्च काय तो तेवढाच आणि पट्ट्यांचा. पट्टे घेताना वजन थोडं थोडं वाढवता येईल असे, आतल्या पिशव्या काढता-घालता येणारे घ्या, आणि दुकानातच बांधून बघा. चिकटपट्टी सैल असेल तर चालताना पट्टा घोट्यावरून खाली पावलावर येतो, आणि अडखळायला तेवढं पुरतं.