व्हिएतनामच्या ‘हा लाँग बे’ खाडीतली ‘एक रात्र क्रूझवर’ घेण्याआधी बोटीचं नाव कागदावर मागा

लातूर, नांदेड, परभणी, बीड, कुठंही बघा, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या बोर्डांवर सध्या व्हिएतनाम आहे. हिरव्या पाण्यातून वर आलेले डोंगर, मधून जाणारी पांढरीशुभ्र बोट, आणि खाली ठळक अक्षरांत ‘एक रात्र पंचतारांकित क्रूझवर’. असंच पॅकेज आम्ही दिवाळीनंतर घेतलं. मी, माझे मिस्टर, नणंद आणि तिचे यजमान, शिवाय भिशीतल्या दोन मैत्रिणी आपापल्या घरच्यांसह. सगळे पन्नाशी-साठीतले. त्या एका रात्रीपायी आमची जी फसवणूक झाली ती नुसती पैशांची नव्हती, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

जागेत काही खोट नाही, हे आधी सांगते. हा लाँग बे व्हिएतनामच्या उत्तरेला, क्वांग निन्ह प्रांतात आहे. दीड हजार चौरस किलोमीटरच्या पसाऱ्यात चुनखडीची जवळजवळ दोन हजार बेटं पाण्यातून सरळ उभी राहिलेली. १९९४ पासून ही खाडी युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. डोंगरांचे पायथे पाण्यानं आत कोरून काढलेत, वर गच्च झाडी. दोन बेटांच्या मधून बोट जाताना वाट संपली असं वाटतं, आणि तेवढ्यात पुढचं पाणी उघडतं. आम्ही काळ्या पाषाणाच्या मुलखातली माणसं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा घागरीघागरीचा हिशेब ठेवलेल्या लातूरच्या बायका आम्ही. पाण्यावर रात्र काढायची म्हटल्यावर आम्हाला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको. ट्रॅव्हल्सवाल्या मुलालाही ते बरोबर ठाऊक होतं. तो बाकी सहलीबद्दल फारसं बोलतच नव्हता, पुन्हापुन्हा बोटीवरच यायचा.

मुंबईहून विमानासकट माणशी ८२ हजार रुपये ठरले. बोटीवर बाल्कनीची खोली हवी असेल तर आणखी साडेनऊ हजार. आम्ही सगळ्यांनी ते भरले, कारण सकाळी बाल्कनीत बसून चहा घ्यायचा हेच तर आमचं स्वप्न होतं. व्हिसाचे साडेचार हजार वेगळे. प्रवास विमा ‘इन्क्लूडेड’. मी बोटीचं नाव विचारलं, तर म्हणाला, “काकू, नाव आठ दिवस आधी येतं, पोर्टवालेच देतात. हनोईत आपलाच माणूस आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका.” हे धडधडीत खोटं होतं. बोट बुकिंगच्या वेळीच ठरते, खोलीचा प्रकारही तेव्हाच ठरतो. हातात दिलेल्या कागदावर मात्र ‘फाइव्ह स्टार क्रूझ किंवा तत्सम’ एवढंच छापलेलं होतं. सगळी लबाडी त्या ‘किंवा तत्सम’मध्ये आहे.

हनोईहून सकाळी आठला मिनीबस निघाली. द्रुतगती मार्गानं अडीच-तीन तासांत तुआन चाऊ बंदर आलं. तिथं गाइडनं आम्हाला दिवसाच्या फेरीच्या बोटीत बसवलं. ही बोट मुक्कामाची नाही हे दिसतच होतं, नुसती टेबलं आणि खुर्च्या. विचारल्यावर उत्तर आलं, “वादळाचा इशारा आहे, तुमच्या बोटीला बंदरानं परवानगी दिली नाही.” आभाळ निरभ्र होतं. समोरून मुक्कामाच्या मोठ्या बोटी एकामागून एक बाहेर पडत होत्या, आणि त्यातच जाहिरातीतल्या फोटोमधली बोट होती. मिस्टरांनी मोबाइलवर झूम करून तिच्या अंगावरचं नाव वाचलं, फोटो काढून ठेवला. तिथली पद्धत नंतर समजून घेतली. वारा किंवा वादळ असेल तर बंदराचे अधिकारी सगळ्या पर्यटक बोटी थांबवतात. आपल्याच बोटीला परवानगी नाही आणि शेजारच्या निघाल्यात असं कोणी सांगितलं, तर ते वादळ खोटं समजा.

दुपारी सुंग सोट गुहा आणि ‘ती टॉप’ नावाचं बेट दाखवलं. गुहा खरंच अफाट आहे, आतली दालनं बघताना थोडा वेळ आम्ही सगळं विसरलो. संध्याकाळी मात्र एका छोट्या होडीतून दुसऱ्याच जुनाट बोटीवर सोडलं. बाल्कनी नाही, खिडकी इंजिनाच्या बाजूला, खोलीत डिझेलचा वास. रात्री जनरेटर बंद झाला तशी हवाही बंद. तिघांच्या खोलीत लाइफ जॅकेट दोनच. तिसरं मागितलं तर माणूस हसून निघून गेला.

जेवणाबद्दल मुद्दाम सांगते, कारण आपल्याकडून जाणाऱ्यांत शाकाहारी पुष्कळ असतात. माझी नणंद माळकरी. ‘शुद्ध शाकाहारी, आधीच कळवलंय’ असं आम्हाला लेखी मिळालं होतं. ताटात उकडलेला कोबी, भात आणि एक वाटी पातळ रस आला. नणंदबाईंनी वास घेऊन वाटी बाजूला सारली. तो माशांचा रस होता, तिथं तो आपल्या मिठासारखा सगळ्यात पडतो. मुद्दाम सांगितल्याशिवाय भाजीतही असतो. बोटीवर कोणाला काही कळवलेलंच नव्हतं. ती बिचारी रात्रभर बिस्किटांवर राहिली. हनोईत भारतीय जेवण मिळतं, पण भर पाण्यात अडकलेल्या माणसानं कुठं जायचं?

त्याहून मोठी गोष्ट सकाळी घडली. बंदरात प्रवाशांची यादी द्यावी लागते म्हणून गाइडनं आदल्या दिवशीच पासपोर्ट घेतले होते. यादी द्यावी लागते हे खरंच आहे. पण ते परत द्यायच्या वेळी त्यानं प्रवेश फी, गुहेचं तिकीट, कयाक (वल्ह्यांची छोटी होडी) आणि टिप असे माणशी ४० डॉलर मागितले. यातलं टिप सोडून सगळं आमच्या कागदावर समाविष्ट होतं. पैसे द्या, मग पासपोर्ट घ्या. परक्या देशात, भाषा येत नाही, दोन दिवसांवर विमान. आम्ही पैसे दिले. पावती मागितली, ती मिळाली नाही. माझ्या मैत्रिणीला त्या वेळी जे रडू आलं ते मी विसरू शकत नाही.

आम्ही एवढं घाबरलो याला कारण आहे. २०११ च्या फेब्रुवारीत याच खाडीत मुक्कामाची एक बोट पहाटे बुडाली, प्रवासी झोपेत होते, १२ माणसं गेली. जुलै २०२५ मध्ये दुपारी अचानक आलेल्या वादळात पर्यटकांची बोट उलटून तिसापेक्षा जास्त लोक गेले. आमची सहल त्यानंतर काही महिन्यांनीच होती. निघण्याआधी मी हीच गोष्ट त्या मुलाला विचारली होती, आणि त्यानं सांगितलं होतं, “आपली बोट नवी आहे काकू, स्टीलची.” आम्ही झोपलो ती लाकडी होती. बाल्कनी नाही मिळाली ते एक वेळ सोसता येईल, पण माणसाच्या जिवाबद्दल असं खोटं बोलणाऱ्याला मी माफ करणार नाही.

हनोईच्या हॉटेलातल्या मुलीनं आमचं व्हाउचर बघून सगळी साखळी उलगडून सांगितली. लातूरचा एजंट मुंबईच्या मोठ्या एजंटाला देतो, तो हनोईच्या एजंटाला, तो जिथं स्वस्त जागा उरली असेल तिथं प्रवासी ढकलतो. प्रत्येक जण मधलं काढून घेतो, आणि तक्रार केली की प्रत्येक जण पुढच्याकडं बोट दाखवतो. हनोईच्या जुन्या पेठेत तर नावाजलेल्या एजन्सीसारख्याच नावाच्या पाट्या लावून बसलेलेही आहेत, त्यामुळं तिथं जाऊन बुक करणाऱ्यांनीही पत्ता नीट ताडून बघावा.

परत आल्यावर त्या मुलाचं उत्तर ठरलेलं होतं. वादळ होतं, माझ्या हातात काही नाही, पुढच्या टूरला डिस्काउंट देतो. मग आम्ही एकेक कागद काढला. व्हिएतनामचा एका प्रवेशाचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावर २५ डॉलरला मिळतो, पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ असतं. आम्ही जवळपास दुप्पट भरले होते. विम्याची पॉलिसी मागितली तर नंबरच नाही, म्हणजे त्या रात्री आमच्यातल्या कोणाला काही झालं असतं तर मागं काहीच नव्हतं. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे एजंटानं बिलाबरोबरच गोळा करायचा आयकर, कापतात, आमच्या वेळी ५ टक्के होता आणि तो त्यानं घेतलाही. तो आपल्या पॅनवर जमा होऊन फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, दिसायला हवा होता. आमच्यापैकी एकाच्याही २६एएसमध्ये तो नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर तो दुसऱ्याच धंद्याचा निघाला.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा, पण पैसे भरण्याआधी बोटीचं पूर्ण नाव, खोलीचा प्रकार आणि कुठल्या बंदरातून निघणार हे लेखी घ्या. ‘किंवा तत्सम’ खोडून घ्या. खोडायला तयार नसेल तर तिथून उठा. नाव मिळालं की बोटीच्या कंपनीला स्वतः मेल करून आपल्या नावाचं बुकिंग आहे का विचारा, खऱ्या कंपन्या उत्तर देतात. दोन दिवस-एक रात्र म्हणजे बहुतेक बोटींवर दुपारी बाराच्या सुमारास चढणं आणि दुसऱ्या दिवशी साडेदहा-अकराला उतरणं, तेव्हा ‘दोन दिवस क्रूझ’ या बोलण्यावर जाऊ नका. विम्याची पॉलिसी निघण्याआधी हातात घ्या. जुलै ते सप्टेंबर तिकडं वादळांचा काळ असतो, खरंच बोट रद्द झाली तर किती पैसे परत मिळणार हेही लिहून घ्या. आणि पासपोर्ट यादीसाठी दिला तर यादी होताच परत मागा, रात्रभर दुसऱ्याकडं ठेवू नका.

आमच्यासारखं ज्यांचं झालं असेल त्यांच्यासाठी: परदेशात घडलं म्हणून आपल्याकडं दाद नाही, असं एजंट सांगतात. ते खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, आणि आपण भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. ऑनलाइन पैसे घेऊन माणूस गायबच झाला असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. आम्ही लातूरच्या आयोगात तक्रार दाखल केली आहे. बोटीच्या नावाचा फोटो, व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं आणि पैसे भरल्याच्या नोंदी जोडल्या आहेत. तक्रारीला कायद्यानं दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा तोपर्यंत तरी मोबाइलमधलं काही पुसू नका.