युद्धाला 'नाही' म्हणणाऱ्यांची ऑडिओ सिरीज: ऐका नक्की, पण माणसांचे डाग जरा जास्तच पुसून काढलेत

रेटिंग साडेतीन. चार देणार होतो, हात आखडला, का ते खाली येईलच.

एका ऑडिओ ॲपवर २४ भागांची सिरीज आहे, युद्ध, साम्राज्य आणि सत्ता यांच्या विरोधात त्या त्या काळात तोंड उघडलेल्या लोकांवर. इंग्रजीत आहे पण बोलणाऱ्या बाईंची भाषा सोपी, सव्वापट स्पीडला टाकलं तरी शब्द निसटत नाही. मी दोन आठवड्यांत संपवली, बहुतेक रात्री लाइट घालवून, आणि दोनदा तरी झोप उडवली तिने.

पहिले दोन भाग (अथेन्स, रोम) सोडून दिले तरी चालतील, नुसते उरकलेत. खरी सिरीज सुरू होते मोरेलपासून. हा एडमंड मोरेल म्हणजे लिव्हरपूलच्या एका शिपिंग कंपनीतला साधा क्लार्क, काँगोच्या जहाजांचं काम बघायचा. तेव्हा काँगो बेल्जियमच्या राजाची, लिओपोल्डची, खाजगी मालमत्ता. मोरेलच्या लक्षात काय आलं, तर तिकडून जहाजं येतायत ती रबर आणि हस्तिदंत भरून, आणि परत जाताना जातायत बंदुका, काडतुसं, सैनिक. विकायचा माल जवळपास नाहीच. मग एवढं रबर काढणाऱ्यांना मोबदला कशात मिळतो? मिळतच नाही, म्हणजे बंदुकीच्या धाकावर फुकट राबवून घेतायत. हे त्याने काँगोत पाऊल न ठेवता नुसत्या हिशेबाच्या कागदांवरून ओळखलं! त्या भागात मागे फक्त पानं उलटल्याचा आवाज ठेवलाय, एकही ढोल नाही, व्हायोलिन नाही, अंगावर काटा येतो. पुढे नोकरी सोडून त्याने १९०४ ला काँगो रिफॉर्म असोसिएशन काढली, आणि १९०८ ला राजाला काँगो बेल्जियम सरकारच्या ताब्यात द्यावा लागला. मग पहिल्या महायुद्धाला विरोध, १९१७ ला सहा महिने तुरुंग, १९२२ ला स्कॉटलंडच्या डंडीत चर्चिलला पाडून खासदार. म्युझिक वाढतं, भाग संपतो.

इथेच माझं बिनसलं. मधलं १९२० कुठे गेलं? त्या वर्षी फ्रान्सने जर्मनीच्या ऱ्हाइनलँडमध्ये आफ्रिकन सैनिक ठेवले होते, आणि त्यांच्याविरुद्ध पेपरात सगळ्यात घाणेरडं, उघड वंशद्वेषी लिखाण कुणी केलं तर ह्याच मोरेलने. काँगोतल्या माणसांसाठी उभं आयुष्य झिजवणारा माणूस त्याच खंडातून आलेल्या सैनिकांबद्दल असं लिहितो, हे सांगितलं असतं तर तो भाग दुप्पट भारी झाला असता. सांगितलंच नाही. बरं, ॲपच्या ऑटोमॅटिक ट्रान्स्क्रिप्टमध्ये 'मोरेल'चं जिथे तिथे 'मॉरल' झालंय, मशीनने पण सर्टिफिकेट देऊन टाकलं.

एकट्या मतांचे तीन भाग सलग आहेत, ते मात्र एक नंबर. जेनेट रँकिन, अमेरिकन काँग्रेसमधली पहिली बाई, १९१७ ला युद्धाच्या विरोधात मत देते तेव्हा तिच्यासोबत निदान ४९ जण तरी असतात, पण १९४१ ला पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी ३८८ विरुद्ध १, आणि ती एक म्हणजे हीच. बाहेर लोक इतके भडकले की ती टेलिफोनच्या बूथमध्ये शिरून बसली आणि पोलिसांनी येऊन तिला बाहेर काढलं. बार्बरा ली, हीसुद्धा अमेरिकन काँग्रेसमधलीच, २००१ ला ९/११ नंतर राष्ट्राध्यक्षाला लष्करी बळ वापरायची मोकळीक देण्याविरोधात, ४२० विरुद्ध १. इथे सिरीज सांगणाऱ्या बाई जरा थांबतात आणि म्हणतात की रँकिनचं दुसरं मत बरोबर होतं का यावर आजही एकमत नाही, जपानने आधीच हल्ला केलेला होता. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला, म्हणूनच मोरेलचं जास्त खटकलं, म्हणजे यांना जमतं की!

आतल्या लोकांचे भागही चांगले आहेत. स्मेडली बटलर ३३ वर्षं अमेरिकेच्या मरीन सैन्यात, दोन मेडल ऑफ ऑनर (तिथलं शौर्याचं सर्वोच्च पदक), आणि रिटायर झाल्यावर छातीठोकपणे सांगत सुटला की आपण बड्या धंदेवाल्यांची वसुली करत होतो. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर, स्वतः पंचतारांकित जनरल, १७ जानेवारी १९६१ ला, खुर्ची सोडायला तीन दिवस उरलेले असताना, सैन्य आणि शस्त्रउद्योग यांच्या साटंलोट्याबद्दल इशारा देतो. आठ वर्षं हातात होती तेव्हा काय केलं साहेब? हा प्रश्न मी मनात विचारला आणि पुढच्याच वाक्यात बाईंनी १९५३ चं इराण आणि १९५४ चं ग्वाटेमाला काढलं, दोन्ही सरकारं याच्याच काळात सीआयएने उलथवली. शाब्बास.

आता मोठी तक्रार. २४ पैकी २१ भाग अमेरिका आणि ब्रिटनचे. साम्राज्यं काय दोनच होती का? २५ ऑगस्ट १९६८ ला मॉस्कोच्या रेड स्क्वेअरवर आठ जण बसले, झेकोस्लोव्हाकियात रणगाडे घुसवल्याच्या निषेधार्थ, त्यातली नताल्या गोर्बानेव्स्काया तान्ह्या बाळाला बाबागाडीत घेऊन आली होती. काही मिनिटांत साध्या वेशातल्या लोकांनी फलक फाडले, मारहाण केली, उचललं, मग कुणाला छावणी, कुणाला हद्दपारी, कुणाला थेट मनोरुग्णालय. यांना शेवटच्या भागात आठ मिनिटं दिलीयेत, माणशी एक मिनिट!! आणि जपानचा साइतो ताकाओ तर नाहीच, ज्याने फेब्रुवारी १९४० ला भर संसदेत चीनमधलं युद्ध नक्की कशासाठी चाललंय असं विचारलं, पुढच्याच महिन्यात त्याला सभागृहातून हाकललं, आणि १९४२ ला सरकारी यादीत नाव नसताना लोकांनी त्यालाच परत निवडून दिलं. अशी गोष्ट हाताशी असून सोडता? स्वतःच्या सरकारला शिव्या देणं अवघड असतं मान्य, पण ऐकणारा सगळीकडे बसलाय, त्याला दुसऱ्याच्या साम्राज्याची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणं सोप्पं जातं.

ॲपबद्दल थोडक्यात. डाउनलोड केलेले भाग दोनदा आपोआप गायब झाले. ट्रायल संपायच्या आदल्या दिवशी मेल येईल म्हणाले होते, आला नाही, पैसे मात्र वेळेवर कापले, आणि कॅन्सलचं बटण सेटिंगमध्ये पाच पडदे आत लपवलंय. कस्टमर केअरने तीन वेळा तोच रेडिमेड रिप्लाय पाठवला. सत्तेला प्रश्न विचारायला शिकवणारी सिरीज ऐकून मी चौथा मेल टाकलाय, बघू.

घ्यायचं असेल तर ट्रायल घ्या, मोबाईलमध्ये स्वतः रिमाइंडर लावा, मोरेल, रँकिन आणि बटलर आधी ऐका. रेड स्क्वेअरची आठ मिनिटं मात्र हेडफोन लावून ऐका, गर्दीच्या आवाजाखाली बाबागाडीच्या चाकाचा कुरकुर आवाज घातलाय, तो फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही.