१९६६ ची सहा सिलिंडर मस्टँग: आधी पत्रा, मग इंजिन

फोर्डची मस्टँग उभी दिसली की येणाऱ्या-जाणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची, आहे ना? 'नाही, सहा सिलिंडर' म्हटलं की अर्धे लोक 'छान आहे' म्हणून काढता पाय घेतात. घेऊ देत बापडे. त्यांच्याच कृपेने ही गाडी व्ही-एटवाल्या बहिणीपेक्षा बऱ्याच कमी डॉलरांत मिळते. माझी १९६६ ची हार्डटॉप (पत्र्याच्या पक्क्या छताची), रंग विंबल्डन व्हाइट, २०० घनइंची इंजिन, म्हणजे ३.३ लिटर. काही वर्षं मिशिगनमध्ये पाळून, चालवून आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त करून हे लिहितोय. शोरूममधल्या शोभेच्या गाडीबद्दल हे नाही.

साठ वर्षांची गाडी सांभाळणं म्हणजे हत्ती पोसणं, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. या एका गाडीपुरतं ते खोटं आहे, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती २,३६८ डॉलरला आली, खालचा सांगाडा फोर्डच्याच साध्यासुध्या फाल्कनचा. दोन वर्षांच्या आत दहा लाख गाड्या बनल्या, एकट्या १९६६ च्या मॉडेलच्या सहा लाखांवर. एवढं गिऱ्हाईक असल्यावर सुटे भाग बनवणारे का मागे राहतील? दाराच्या हँडलपासून डिकीच्या रबरापर्यंत सगळं आजही नवं मिळतं. अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. त्याच काळातल्या, दुसऱ्या कंपनीच्या एखाद्या रॅम्बलर गाडीची मागची काच फुटली तर मालकाला जंकयार्ड पालथी घालावी लागतात.

नवं मिळतं म्हणजे चांगलंच मिळतं असं मात्र नाही. एका ठिकाणाहून मागवलेलं दाराचं रबर इतकं जाड निघालं की दार लागेना. दुसऱ्या दुकानातलं थोडं महाग पडलं, पण चपखल बसलं. बारीक भागांपैकी जुना मूळचा भाग साफ करून परत लावता येत असेल तर तोच लावा. त्यावरचा क्रोम नव्यापेक्षा जाड असतो.

आता विकत घेताना. इंजिनाचा आवाज ऐकत बसू नका. इंजिन बदलता येतं. आधी एक जग पाणी मागा. काचेच्या खाली, बोनेटच्या मागे जाळी असते, तिच्यातून हवा आत येते. तिच्या खालचा भाग दोन पत्रे वेल्ड करून बंद केलेला. पानं, माती आत साठते, ओल धरते आणि पत्रा आतून सडतो, बाहेरून रंग चकचकीत. त्या जाळीत हळूहळू पाणी ओता आणि कुणाला तरी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवं व्हायला सांगा. गालिच्यावर थेंब पडला तर किंमत तिथेच खाली आणा, किंवा सरळ घरी जा. तो पत्रा बदलायचा तर डझनावारी स्पॉट वेल्ड ड्रिलने सोडवावे लागतात. मग डिकी उघडा. या गाडीत पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हीच डिकीची जमीन आहे, हे कळल्यावर बऱ्याच जणांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणून मी इथली गाडी बघितलीच नाही, ॲरिझोनाहून आणली. तिचा चॅसी नंबर ६आर०७टी ने सुरू होतो: ६ म्हणजे १९६६, आर म्हणजे कॅलिफोर्नियातला सॅन होजेचा कारखाना, ०७ हार्डटॉप, टी म्हणजे २०० ची सहा सिलिंडर. तिसऱ्या-चौथ्या अक्षराकडे दुर्लक्ष झालं तरी चालेल, टीच्या जागचं अक्षर मात्र नीट बघा. समोर व्ही-एट दिसतंय आणि नंबरात टी आहे, तर इंजिन नंतर बसवलंय. मग चाकाचे नट मोजा. कारखान्यातून सहाला चार, आठला पाच. चारच असतील तर मोठं इंजिन हलक्या ॲक्सलवर आणि लहान ब्रेकवर पळतंय. फोर्डच्या जुन्या नोंदींवरून गाडीची कुंडली काढून देणारी सोय १९६७ पासूनच्या गाड्यांनाच आहे. १९६६ वाल्यांनी दारावरची पट्टी वाचायची. आणि मीटरवर ४३,००० दिसले म्हणून हुरळून जाऊ नका. मीटरला पाचच आकडे आहेत, लाखानंतर पुन्हा शून्य. ब्रेक पेडलचं रबर किती झिजलंय ते बघा, ते खरं बोलतं.

इंजिन मला मनापासून आवडतं. क्रँकला (पिस्टननी फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) सात मेन बेअरिंग, टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे दट्टे) हायड्रॉलिक, रेग्युलर पेट्रोल चालतं, आणि बोनेटखाली इतकी मोकळी जागा की पडलेला पाना थेट जमिनीवर दिसतो. १२० हॉर्सपॉवर म्हणजे शर्यतीला निरुपयोगी, पण गावातल्या गावात भरपूर. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरकडे नेणारा मार्ग, हेडमध्येच ओतलेलं आहे, त्यामुळे मोठा कार्ब्युरेटर लावून ताकद वाढवण्याचे मनसुबे सोडून द्या.

एक खोड मात्र जाणून घ्या, कारण निम्मे लोक तिच्यापायी हैराण असतात. मूळ डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागात) फिरत्या वजनांचा ॲडव्हान्स, म्हणजे वेग वाढला की ठिणगी आधी पाडण्याची सोय, नाही, सगळं काम व्हॅक्यूमवर (इंजिनाच्या हवेच्या ओढीवर). ते व्हॅक्यूम कार्ब्युरेटरमधल्या एका छोट्या व्हॉल्व्हमधून येतं. आधीच्या मालकाने कार्ब्युरेटर बदलला आणि नव्यात तो व्हॉल्व्ह नसला, की गाडी चालू छान होते, पण पाय दाबला की अडखळते. मग माणूस प्लग बदलतो, कॉइल बदलतो, पेट्रोल पंप बदलतो. माझ्याकडे गाडी अशाच, जुना डिस्ट्रिब्युटर आणि नवा कार्ब्युरेटर, या जोडीने आली होती. नंतरच्या काळातला, वजनांवर ॲडव्हान्स होणारा डिस्ट्रिब्युटर टाकला आणि अडखळणं गेलं. दोन्ही जुने ठेवा किंवा दोन्ही नवे, खिचडी नको.

तेलाबद्दल थोडक्यात: कॅमवर (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यावर) सपाट टॅपेट घासतात, म्हणून जस्त-फॉस्फरस जास्त असलेलं, जुन्या गाड्यांसाठीचं तेल घ्या. आजच्या साध्या तेलात ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या काळजीने कमी केलेलं असतं. पेट्रोलच्या रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या टाका, जुन्या आतून भुगा होतात.

ब्रेक हा या गाडीचा खरा दोष. चारी चाकांना ड्रम, सहाला तर नऊ इंचीच, आणि मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलात पाठवणारा भाग) एका कप्प्याचा. कुठेही एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७ पासून दोन कप्प्यांचा आला, तोच मी हिला बसवला. पुढच्या-मागच्या नळ्या वेगळ्या काढाव्या लागतात, पण शनिवार-रविवारच्या खटपटीचं काम आहे. रेडिओ, चाकं, पॉलिश हे सगळं नंतर. एवढं करूनही ओल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून मी सवयीपेक्षा दुप्पट अंतर ठेवतो, आणि कमरेपुरताच पट्टा असल्याने मुलांना घेऊन हायवेला जात नाही.

विमा 'ठरलेल्या किमतीचा' घ्या. साध्या पॉलिसीत जुनी गाडी म्हणजे घसारा लागून कवडीमोल. ठरलेल्या किमतीच्या पॉलिसीत रोज ऑफिसला न्यायची नाही, बंद गॅरेजमध्ये ठेवायची, अशा अटी असतात. रोजची एकुलती एक गाडी म्हणून मस्टँग शोधणाऱ्याचा विचार तिथेच अडतो. माझी नोव्हेंबरात मीठ पडायच्या आत गॅरेजमध्ये जाते: टाकी काठोकाठ, त्यात पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली.

पाचपैकी चार तारे. उरलेला ब्रेकनी खाल्ला.