घरच्या रेकॉर्डिंगसाठी व्हर्च्युअल ड्रम: काही महिन्यांच्या वापरानंतर

पहिल्या आठवड्यात सगळेच व्हर्च्युअल ड्रम (रेकॉर्ड केलेल्या ड्रमच्या ठोक्यांवर चालणारी सॉफ्टवेअर) झकास वाटतात. प्रीसेट उघडा, ग्रूव्ह (तयार ताल) ओढून ट्रॅकवर टाका, की लगेच तयार रेकॉर्डसारखा आवाज. खरा फरक कळतो तो गाणी बांधायला लागल्यावर: अंतऱ्यात आवाज खाली आणायचा असतो, हाय-हॅट (पायाने उघड-मीट होणारी झांजांची जोडी) अर्धवट उघडायची असते, गिटारच्या मागे ड्रम बसवायचे असतात. टूनट्रॅकचं ईझीड्रमर ३ आणि सुपीरियर ड्रमर ३, एक्सएलएन ऑडिओचं ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ आणि काही मोफत पर्याय पुरेसे वापरून झाल्यावर मत ठाम झालंय. किट किती आणि गीगाबाइट किती हे नंतर बघा. हळू वाजवलेला स्नेअर (खाली तारा असलेला कडक आवाजाचा ड्रम) कसा वागतो आणि हाय-हॅट किती टप्प्यांत उघडते, यावरून निवड करा. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि जोरात मारलेला स्नेअर हल्ली कुठल्याच लायब्ररीत, म्हणजे ठोक्यांच्या संग्रहात, वाईट नसतो.

डेमो मिळाला की आधी सगळे इफेक्ट बंद करा. मग मिडी ट्रॅकवर (यात आवाज नसतो, फक्त ठोक्यांच्या सूचना असतात) स्नेअरचे सोळा सिक्स्टीन्थ (पाव मात्रेचे ठोके) ओळीने टाका, सगळ्यांची व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, १००. एकच सॅम्पल (रेकॉर्ड केलेला ठोका) परत परत वाजत असेल तर मशिनगनसारखा टरटराट लगेच कळतो. राउंड-रॉबिन (त्याच जोराची वेगवेगळी सॅम्पल आळीपाळीने वाजवणं) नीट असेल तर प्रत्येक ठोका किंचित वेगळा येतो. हीच चाचणी व्हेलॉसिटी ३० ला करा. बऱ्याच स्वस्त लायब्रऱ्या इथे उघड्या पडतात, कारण वरच्या लेयरना (जोराच्या थरांना) सहा-आठ ठोके दिलेले असतात आणि खालच्या लेयरला एक किंवा दोन. घोस्ट नोट (मुख्य ठोक्यांमधले अगदी हळू ठोके) तर याच पट्ट्यात वाजतात.

दुसरी चाचणी चढाची. १० पासून १२७ पर्यंत व्हेलॉसिटी हळूहळू वाढवत न्या आणि फक्त आवाजाचा पोत ऐका. एखाद्या आकड्याला स्नेअर अचानक उजळ झाला, म्हणजे त्याच्या एक आकडा खाली मऊ आणि वर एकदम कडक, तर तिथे लेयरची सीमा आहे. ही उडी ९० ते १०५ च्या मध्ये असेल तर बॅकबीट (दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर) लिहिताना रोजची डोकेदुखी. व्हेलॉसिटी जरा इकडेतिकडे केली की दोन वेगळे स्नेअर वाजल्यासारखं वाटतं.

तिसरी चाचणी हाय-हॅटची, आणि ती सगळ्यात महत्त्वाची. बंद हॅट काठीच्या टोकाने आणि काठीच्या अंगाने अशी दोन्ही हवी. त्यापुढे उघडण्याचे निदान चार टप्पे, पायाने मिटल्याचा आवाज आणि पायाने उडवलेला आवाज हवा. उघडी हॅट वाजत असताना बंद हॅट टाकली की आधीचा आवाज लगेच पण नैसर्गिकपणे दबला पाहिजे. तो कात्रीने कापल्यासारखा थांबत असेल तर गाणंभर खटकत राहतो.

आता एकेकाबद्दल.

ईझीड्रमर ३ हे २०२२ मध्ये आलं. मुख्य लायब्ररी बर्लिनच्या हांझा स्टुडिओत मायकेल इल्बर्ट यांनी रेकॉर्ड केलेली आहे. गाणी लिहिणाऱ्यासाठी आजही यापेक्षा सोयीचं काही सापडलेलं नाही. बँडमेट नावाच्या सोयीत गिटारचा किंवा बेसचा ट्रॅक टाकला की त्याला जुळणारे ग्रूव्ह समोर येतात. दहातले सात सुचवलेले निरुपयोगी असतात, पण उरलेले तीन सुरुवातीला पुरतात. ग्रूव्हमध्ये उजवा हात हॅटवरून राइडवर (ताल धरायची मोठी झांज) किंवा फ्लोअर टॉमवर (जमिनीवरचा खर्जाचा ड्रम) एका क्लिकमध्ये नेता येतो, आणि ग्रिड एडिटर आतच असल्यामुळे बाहेर न जाता ठोके हलवता येतात. मर्यादा मिक्सची. आवाज बराचसा शिजवून दिलेला असतो, आणि कुठल्या माइकमध्ये कशाचा ब्लीड (शेजारच्या ड्रमचा शिरलेला आवाज) किती हे सुपीरियरसारखं बारकाईने हाताळता येत नाही.

ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ हे २०१४ चं, म्हणजे या क्षेत्रात म्हातारं. तरीही साध्या लॅपटॉपवर काम करणाऱ्याला आधी हेच सुचवेन. लायब्रऱ्या आकाराने छोट्या आहेत, किट झटपट उघडतं, आणि प्रत्येक ड्रमची पिच, एन्व्हलप, सॅच्युरेशन सगळं एकाच खिडकीत. स्नेअरच्या तारांची सळसळ वेगळी कमी-जास्त करता येते. मंद गाण्यात ती थोडी वाढवली की ड्रम खोलीत ठेवल्यासारखे वाटतात. यात ग्रिड एडिटर नाही, त्यामुळे ग्रूव्ह रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ओढूनच दुरुस्त करावा लागतो. हॅटचा मऊ पट्टा ईझीड्रमर ३ च्या तुलनेत थोडा उथळ वाटतो. जोरकस रॉक-पॉपमध्ये ते कळतही नाही, शांत गाण्यात कळतं.

सुपीरियर ड्रमर ३ हे वेगळंच प्रकरण आहे. २०१७ मध्ये आलेल्या या लायब्ररीत सुमारे २३० जीबी कच्चं सॅम्पलिंग आहे. बेल्जियममधल्या गॅलेक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसनबर्ग यांनी ते केलं. कच्चं याचा अर्थ शब्दशः घ्या. प्रीसेट न लावता उघडलं तर आवाज सपाट, कोरडा आणि जरा निराशाजनक येतो, कारण माइकपुढे ड्रम तसेच वाजतात. ज्याला मिक्स करायचंय त्याला हा खजिना आहे. ज्याला संध्याकाळी दोन तासांत गाण्याचा आराखडा हवा, त्याने यात पडू नये.

एवढी जागा लागते कशाला, याचं गणित सोपं आहे. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एका मोनो चॅनेलला सेकंदाला साधारण १३२ किलोबाइट लागतात. तीन सेकंदांचा स्नेअरचा एक ठोका ०.४ मेगाबाइटचा. दहा माइक, वीस लेयर आणि प्रत्येक लेयरला सहा ठोके धरले तर १,२०० फाइली आणि ४८० मेगाबाइटच्या आसपास. आणि हे एकाच स्नेअरचं, फक्त मधोमध मारलेलं. रिमशॉट, साइडस्टिक, कडेचा ठोका हे सगळं वेगळं. क्रॅश (जोरात मारायची झांज) तर दहा सेकंद आणि त्याहूनही जास्त वाजत राहतो.

म्हणून मोठी लायब्ररी फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवू नका. फिलमध्ये एकदम दहा-वीस सॅम्पल मागवली जातात, डिस्क मागे पडते आणि ठोके गळतात किंवा कडकड येते. एसएसडी हवीच, बाहेरची चालेल. रॅम १६ जीबी असेल तर सुपीरियरमध्ये तीन गोष्टी करा: १६ बिट मोड लावा, कॅश मोड चालू करून फक्त वाजलेली सॅम्पल लोड होऊ द्या, आणि टॉमच्या माइकमधला स्नेअर-झांजांचा ब्लीड बंद करा. ओव्हरहेड (किटच्या वरचे माइक) आणि रूममधला (खोलीतले लांबचे माइक) ब्लीड मात्र काढू नका. किट एकत्र वाजतंय हे कानाला तिथूनच कळतं. किकच्या ठोक्याने स्नेअरच्या तारा हलतात, तो आवाजही थोडा राहू द्या.

खरेदीचा एक मुद्दा: ईझीड्रमरसाठी घेतलेली ईझेडएक्स एक्स्पान्शन (वेगळी विकत मिळणारी जादा किट) सुपीरियरमध्ये उघडतात, पण सुपीरियरची एसडीएक्स ईझीड्रमरमध्ये उघडत नाहीत. त्यामुळे आधी लहान घेऊन पुढे मोठ्यावर जाण्यात काही वाया जात नाही.

मोफतमध्ये एमटी पॉवर ड्रमकिट २ अजूनही चांगलं आहे. एकच किट, आवाज आधीच कॉम्प्रेस केलेला, उघडताना देणगीची खिडकी येते ती पुढे ढकलायची. रॉकच्या डेमोला भरपूर झालं. स्टीव्हन स्लेट ड्रम्सच्या मोफत आवृत्तीत निवड मोजकीच, पण स्नेअर दणदणीत आणि मिक्समधून आपोआप वर येणारा. लिनक्सवाल्यांसाठी ड्रमगिझ्मो आहे. प्रत्येक माइक वेगळ्या चॅनेलवर येतो, त्यामुळे मिक्स शिकायला उत्तम, पण तयार ग्रूव्ह मिळतील अशी अपेक्षा नको. इलेक्ट्रॉनिक किंवा हिप-हॉप करणाऱ्यांनी या सगळ्यात पैसे घालू नयेत, साधा सॅम्पलर आणि चांगली वन-शॉट सॅम्पल (एकेका ठोक्याच्या सुट्या फाइली) पुरतात. ब्रशने वाजवलेले ड्रम हवे असतील तर ब्रशचंच किट घ्या. काठीच्या किटची व्हेलॉसिटी २० वर आणली म्हणून ब्रश होत नाही.

वन-शॉट गोळा करताना दोन गोष्टी तपासा. फाइल झूम करून ठोक्याच्या आधी शांतता आहे का बघा. पाच-दहा मिलिसेकंद मोकळी जागा असेल तर स्नेअर कायम मागे राहतो आणि लोक वादकाला दोष देतात. दुसरं म्हणजे लायसन्स. फ्रीसाउंड या मोफत आवाजांच्या साइटवर क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्सचे सीसी-झिरो, सीसी-बाय आणि सीसी-बाय-एनसी असे प्रकार एकत्र सापडतात. सीसी-बायला नामनिर्देश लागतो, आणि एनसी असलेलं सॅम्पल विकायच्या गाण्यात घालता येत नाही. विकत घेतलेल्या लायब्रऱ्या गाण्यात खुशाल वापरता येतात, पण त्यातले सुटे ठोके काढून स्वतःचा सॅम्पल पॅक म्हणून वाटता येत नाहीत.

लायब्ररीच्या स्नेअरखाली स्वतःचं सॅम्पल जोडायचं असेल तर दोन्ही वेव्हफॉर्म शेजारी ठेवून पहिली लाट एकाच दिशेला जाते का बघा. उलट असेल तर पोलॅरिटी फिरवा, नाहीतर दोन स्नेअर मिळून एकापेक्षा बारीक आवाज येतो. ओव्हरहेडमधला स्नेअर क्लोज माइकच्या (ड्रमला चिकटून ठेवलेल्या माइकच्या) मागे दिसेल, मीटरमागे साधारण ३ मिलिसेकंद. ती चूक नाही, माइक लांब आहे इतकंच. तो ओढून जुळवायच्या फंदात पडू नका.

आता मॅपिंग, म्हणजे कुठल्या मिडी आकड्याला कुठला ड्रम वाजतो ते. लायब्ररी बदलली की जुन्या गाण्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. जनरल मिडी या सामाईक नकाशात किक ३६, साइडस्टिक ३७, स्नेअर ३८, बंद हॅट ४२, पायाची हॅट ४४, उघडी ४६, क्रॅश ४९, राइड ५१. इथपर्यंत बहुतेक जण एकमताने चालतात. अर्धवट उघडी हॅट, राइडची घंटी, रिमशॉट इथे मात्र प्रत्येकाचा नकाशा वेगळा. त्यातून ३६ ला कुणी सी१ म्हणतो, कुणी सी२, म्हणून नोटचं नाव न बघता नेहमी आकडा बघा. हाय-हॅट सुरुवातीपासून वेगळ्या मिडी ट्रॅकवर ठेवली तर नंतर नकाशा बदलणं पाच मिनिटांचं काम. तयार ग्रूव्ह दुसऱ्या लायब्ररीवर वाजवले की घोस्ट नोट अचानक मोठ्या होतात, तेही याच जातीचं दुखणं: ग्रूव्हची व्हेलॉसिटी मूळ लायब्ररीच्या प्रतिसादानुसार बसवलेली असते. ५० च्या खालचे स्नेअर निवडून १०-१५ ने खाली आणा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

इलेक्ट्रॉनिक पॅड जोडणाऱ्यांना हॅटचा पायडल सहसा सीसी ४ वर (मिडीचा चौथ्या क्रमांकाचा कंट्रोलर) मिळेल. पाय दाबला की हॅट उघडते असं उलटं झालं तर प्लगिनमध्ये तो कंट्रोलर उलटवायची सोय शोधा. बफर (संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल, म्हणजे इथे डिजिटल आवाजाचे बारीक नमुने, ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला २.९ मिलिसेकंद होतात, त्यात इंटरफेस आणि मॉड्यूलची भर पडते. एवढ्यात आरामात वाजवता येतं. माउसने ठोके टाकताना लेटन्सीचा (वाजवल्यापासून ऐकू येईपर्यंतच्या उशिराचा) प्रश्नच नाही, बफर ५१२ किंवा १,०२४ करून प्रोसेसरला मोकळं करा.

हाताने लिहिलेला ग्रूव्ह मेलेला वाटतो तेव्हा लोक लायब्ररी बदलतात. आधी आकडे बघा. १२० च्या टेम्पोतल्या साध्या रॉक बीटला हॅटचे एट्थ (अर्ध्या मात्रेचे ठोके) आलटूनपालटून ७८ आणि ५२, बॅकबीट १०४ ते ११२, किक ९५ च्या आसपास आणि दुसऱ्या ठोक्यानंतरच्या सिक्स्टीन्थवर ३० चा एक घोस्ट, एवढ्याने कायापालट होतो. स्नेअर ५ ते १० मिलिसेकंद मागे सरकवला की ग्रूव्ह आरामात बसतो. बीटला ९६० टिक (सॉफ्टवेअरने केलेले मात्रेचे बारीक भाग) असतील तर १० मिलिसेकंद म्हणजे साधारण १९ टिक. ह्यूमनाइझचं बटण मात्र सगळे ठोके सैरभैर पसरवतं, आणि कुठलाच ड्रमर असा वाजवत नाही. आणि हात दोनच असतात हे विसरू नका: दोन हातांनी टॉमवर फिल चालू असताना खाली हॅटचे एट्थ चालू राहिले तर ऐकणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खोटं वाटतं.

गाणं पक्कं झालं की मिडी जपून ठेवा, शिवाय ड्रमचे ऑडिओ ट्रॅकही काढून ठेवा. किक, स्नेअर वरचा, स्नेअर खालचा, हॅट आणि फ्लोअर टॉम मोनो. रॅक टॉम, ओव्हरहेड आणि रूम स्टीरिओ. प्लगिनमधले इफेक्ट बंद ठेवून एकदा आणि चालू ठेवून एकदा. सगळे ट्रॅक एकाच फेरीत काढा, कारण राउंड-रॉबिनमुळे पुढच्या फेरीत वेगळी सॅम्पल लागू शकतात आणि मग वेगवेगळ्या फेरीतले ट्रॅक एकमेकांशी जुळत नाहीत. फाइलच्या नावात टेम्पो लिहा. चार मिनिटांच्या गाण्याचे हे आठ ट्रॅक २४ बिटला एका फेरीचे ३५० मेगाबाइटच्या आसपास होतात.