स्विच आमच्या भिंतीत, खातं त्याच्या नावावर

मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास ऑफिसात आईचा फोन आला. "अरे, हॉलमधला दिवा आपोआप लागतोय नि विझतोय. तीनदा झालं. एमएसईबीला कळव." आई ७६ वर्षांची. तिच्या लेखी विजेचं काहीही बिघडलं की त्याला जबाबदार एमएसईबी. महावितरण हे नाव तिने कधी स्वीकारलंच नाही. मी म्हटलं, वायर सैल असेल, संध्याकाळी बघतो. संध्याकाळी काहीच सापडलं नाही. आमचा दिवा कोण लावत होतं ते कळायला आणखी सहा आठवडे गेले.

आधी कबूल करून टाकतो की स्मार्ट स्विच, म्हणजे मोबाइलवरून चालणारी बटणं, वगैरे बाबतीत मी अगदीच अडाणी नाही. एका जुन्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा संगणक) होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) चालवतो. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि गीझर त्यावर आहे. त्यामुळे दसऱ्याला आमच्या सोसायटीत स्मार्ट स्विचवाल्याने स्टॉल मांडला, तेव्हा मी त्याला नेमके प्रश्न विचारले. आईला रात्री उठताना पॅसेजमधलं बटण चाचपावं लागतं, म्हणून तिच्यासाठी दिवे हवे होते. आणि इंटरनेट गेलं तरी ते घरच्या घरी चालायला हवे होते, म्हणून झिगबी, म्हणजे वायफायशिवाय घरातल्या घरात चालणारी बिनतारी पद्धत, हवी होती. तो म्हणाला, "हो सर, झिगबी आहे, मॅटर पण आहे, सगळ्याला चालतं." (मॅटर म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणं जुळवून घेणारं मानक.) सगळ्याला चालतं! त्याच वाक्याला मी उठून घरी यायला हवं होतं.

दुसरा प्रश्न न्यूट्रलचा, म्हणजे फेजने आलेला करंट परत नेणाऱ्या वायरीचा. आमची इमारत १९९४ची, पुण्यातल्या त्या काळच्या इमारतींसारखीच. ज्या बोर्डावर प्लगचं सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतो; नुसत्या दिव्या-पंख्याच्या बोर्डात न्यूट्रल नसतो, फेज येतो आणि तिथून थेट दिव्याकडे जातो. स्मार्ट स्विचला मात्र आतलं इवलंसं यंत्र चोवीस तास जागं ठेवायला वीज लागते, म्हणून न्यूट्रल लागतो. तो म्हणाला, "आपलं मॉड्यूल विदाउट न्यूट्रल आहे, म्हणून तर महाग आहे." असे स्विच खरोखर असतात. ते दिव्यातूनच किंचित करंट ओढतात, त्यामुळे छोटा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो आणि ते थांबवायला दिव्यापाशी कपॅसिटर नावाचा एक छोटा भाग बसवावा लागतो. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच विश्वास बसला. संपूर्ण अज्ञानी माणसाने निदान शेजाऱ्याला विचारलं असतं.

सात बोर्ड, ५२ हजार. दसरा ऑफर म्हणून साडेत्रेचाळीस. बिल नाही, हाताने लिहिलेलं कोटेशन. पैसे यूपीआयने दिले, हे एक शहाणपण चुकून घडलं.

दोन पोरं आली, दीड दिवसात काम उरकलं. शेवटी एकाने वायफायचा पासवर्ड मागितला आणि मी तो चिठ्ठीवर लिहून दिला. आता लिहिताना हात कपाळाला जातो. झिगबी स्विचला घरच्या वायफायचा पासवर्ड कशाला लागेल? तिथे हब, म्हणजे सगळ्या स्विचना जोडणारी छोटी पेटी, लागतो, आणि हब तर त्यांनी आणलाच नव्हता. खोक्यावर मॅटरचं चिन्ह होतं, पण मॅटरच्या उपकरणावर असतो तो क्यूआर आणि त्याच्याखालचा ११ आकडी कोड कुठेच नव्हता. मी त्या वेळी पोरांसाठी चहा टाकत होतो. मुलगा म्हणाला, "सर, आम्ही आमच्याकडून कॉन्फिगर करतो आणि तुम्हाला शेअर करतो." दिव्यांना नावं काय द्यायची ते त्याने विचारलं. मी सांगितली: हॉल, पॅसेज, आईचा दिवा.

पंधरा दिवस मजेत गेले. अलेक्साला मराठी येत नाही, म्हणून आई तिच्याशी हिंदी बोलायची: "अलेक्सा, आईचा दिवा लगाव." लागायचा. आई खूश.

मग दिवेलागणीला घरची वीज जायला लागली. सगळे दिवे लावले की मुख्य पेटीतला आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला तर वीज तोडणारा स्विच, खाली पडायचा. दिवसा ठीक, रात्री दोन दिव्यांवर ठीक, सातच्या सुमारास धाडकन अंधार. स्विचवाल्याला फोन केला तर म्हणाला, "तुमचा आरसीसीबी सेन्सिटिव्ह आहे काका, काढून टाका, साधा एमसीबी लावा." (एमसीबी फक्त जादा करंटला पडतो, गळतीला नाही.) दसऱ्याला सर होतो, दिवाळीपर्यंत काका झालो.

आमच्याकडे एक जुने वायरमन आहेत, सगळी सोसायटी त्यांना मामाच म्हणते. आरसीसीबी काढायला म्हणून मी त्यांनाच बोलावलं. मामांनी पेटीला हातही लावला नाही. सरळ पॅसेजमधला बोर्ड उघडला, मोबाइलचा टॉर्च आत धरला आणि मला म्हणाले, "इकडं या. हे काय आहे?" मॉड्यूलवर 'एन' लिहिलेल्या स्क्रूखाली हिरवी वायर कसलेली होती.

हिरवी म्हणजे अर्थिंग. विदाउट न्यूट्रल वगैरे काही नव्हतंच. साधी, न्यूट्रल लागणारी मॉड्यूलं होती, आणि जिथे न्यूट्रल नाही अशा चार बोर्डांत त्या पोरांनी अर्थिंगलाच न्यूट्रल केलं होतं. दिवे लागत होते, कारण करंटला परतीचा रस्ता कोणताही चालतो. पण आरसीसीबीचं कामच मुळी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट ताडून पाहण्याचं. आमचा ३० मिलिअँपिअरचा. असा आरसीसीबी १५ मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो. प्रत्येक मॉड्यूल थोडा थोडा करंट अर्थिंगमधून पळवत होतं, आणि दिवे लावले की आतले रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) ओढले जाऊन तो वाढत होता. चार बोर्डांची गळती मिळून मर्यादा ओलांडली की घर अंधारात. मामा म्हणाले, "हा काढून साधा एमसीबी लावला असता आणि उद्या अर्थिंग कुठं तुटलं असतं, तर हाच करंट फ्रिजच्या दारावर आला असता. वहिनींनी दार उघडायचं नुसतं."

मी त्याच दुपारी दुकानात गेलो. भांडायलाच गेलो होतो. समोर एक तरुण जोडपं बसलेलं, नवीन फ्लॅटवालं. स्विचवाला त्यांना मोबाइल दाखवत होता. "ही आपली लाइव्ह साइट. बघा, इथून दाबलं की तिथे दिवा लागला." मी मागे उभा. स्क्रीनवर एकाखाली एक चौकोन होते, आणि तिसऱ्यावर लिहिलं होतं: आईचा दिवा.

काय बोललो ते नीट आठवत नाही. ते जोडपं मात्र उठून गेलं, एवढं समाधान.

घरी येऊन अॅप नीट पाहिलं. एकही उपकरण माझ्या खात्यात नव्हतं, सगळी त्याच्या खात्यातून मला शेअर केलेली. मालक तो, मी पाहुणा. बटण दाबून धरून एक मॉड्यूल रीसेट केलं आणि माझ्या नावाने जोडायला गेलो, तर अॅप म्हणालं, हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्यात आहे. पहिल्या मालकाने काढल्याशिवाय सुटका नाही. हे खरं तर चोरी रोखायला केलेलं असतं! होम असिस्टंटचंही घोडं तिथेच अडलं. तो ज्या खात्याच्या परवानगीने स्विच आत घेणार, ते खातंच माझं नव्हतं. आठवड्याने त्याचा मेसेज आला: वार्षिक मेंटेनन्स ४,८०० रुपये, न भरल्यास अॅप सेवा बंद. भरले नाहीत. त्या रात्री सातही बोर्ड माझ्या अॅपमधून गायब झाले. भिंतीवरची बटणं चालत होती, तेवढीच त्याची कृपा.

वायफायचा पासवर्ड बदलला. ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. यूपीआयच्या पावत्या, कोटेशनचा फोटो, मेंटेनन्सचा मेसेज आणि हिरव्या वायरचा मामांनी काढलेला फोटो जोडला. मग त्याचा फोन आला, सूर एकदम मऊ. त्याने सातही मॉड्यूलं खात्यातून काढली, ८ हजार परत पाठवले आणि तक्रार मागे घ्या म्हणाला. घेतली नाही. उरलेल्या पैशांसाठी ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तुम्ही कुणाकडून असे स्विच बसवणार असाल तर शेवटचा हप्ता देण्याआधी त्याच्याच समोर एक बोर्ड उघडायला लावा आणि 'एन'खाली कोणत्या रंगाची वायर आहे ते डोळ्यांनी बघा. नोंदणी तुमच्या फोनवर, तुमच्या नंबरावर, ओटीपी तुम्हालाच येऊ दे. "आम्ही शेअर करतो" असं कुणी म्हणालं तर चहा खाली ठेवा.

मामांनी दोन दिवस खपून चारही बोर्डांपर्यंत काळी वायर ओढली. ६,२०० रुपये घेतले, बिल दिलं. वीज जायची थांबली. आईच्या पलंगाशी त्यांनी साधा टू-वे स्विच बसवला आहे, पॅसेजच्या दिव्याचा. ती आता तोच वापरते. अलेक्साशी बोलत नाही.

परवा भाच्याने एक व्हिडिओ पाठवला. स्विचवाल्याच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला होता, खाली 'हॅपी कस्टमर'. हॉल आमचा. दिवा तीनदा लागतो, तीनदा विझतो, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत आई मान वर करून छताकडे बघत बसली आहे. हा व्हिडिओ कुणी, कधी काढला, हे मी अजून आईला विचारलेलं नाही.