पहिली वेट फ्लाय (गळावर पिसं-धाग्याने बांधलेली, पाण्याखाली चालवायची बनावट माशी) कोणती बांधाल: पार्ट्रिज अँड ऑरेंज, ब्लॅक अँड पीकॉक की ग्रीनवेल्स ग्लोरी?

ट्राउट मासा या तिन्ही फ्लायना लागतो. निवड ठरते ती दोन गोष्टींवर: पाणी वाहतं आहे की साचलेलं, आणि पिसांचे पंख बसवण्याइतका हात बसला आहे का.

वाहत्या पाण्यासाठी आमची पसंती निःसंशय पार्ट्रिज अँड ऑरेंजला. साहित्य मोजकं: १४ नंबरचा गळ, नारिंगी रेशीम आणि पार्ट्रिजचं (तित्तिरासारख्या पक्ष्याचं) एक तपकिरी ठिपकेदार पीस. पिसाच्या बुडाचा कापूस काढा, एका बाजूचे तंतू सोलून टाका आणि गळाच्या डोळ्यामागे (दोरा ओवायच्या छिद्रामागे) दीड मिलिमीटर जागा सोडून पीस टोकाकडून बांधा. रेशीम शेजारी शेजारी वेढे देत गळाच्या टोकाच्या वरपर्यंत न्या आणि तसंच परत आणा. मग पिसाचे दोन वेढे द्या, तिसरा नको. बिघडतं ते इथेच. हॅकल, म्हणजे हे गुंडाळलेलं पीस, दाट झालं की तंतू एकमेकांना धरून ठेवतात, प्रवाहात उघडझाप होत नाही आणि फ्लाय निर्जीव दिसते. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोचले की पुरे. पीस पहिल्याच वेढ्याला तुटत असेल, तर ते फार बारीक टोकाला बांधलं गेलंय. दोन-तीन तंतू मागे सरकून बांधा. आणखी एक: रेशीम भिजलं की गडद होतं. गळ काळा असेल तर नारिंगी जवळजवळ तपकिरी दिसतं, म्हणून चकचकीत गळ घ्या.

तळ्यासाठी ब्लॅक अँड पीकॉक. ही नवशिक्याच्या चुका सर्वांत जास्त पोटात घालते. १० किंवा १२ नंबरचा गळ, काळा धागा, मोरपिसाचे तीन-चार तंतू, पुढे काळ्या कोंबडीच्या हॅकलचे दोन वेढे. अंग जाड हवं, कारण पाणगोगलगाय आणि भुंगा दोन्ही गुबगुबीत असतात. मोरपिसाच्या तंतूंची नाजूक टोकं सेंटिमीटरभर कापून टाका आणि उरलेले तंतू धाग्याभोवती पिळून मगच गुंडाळा. नुसते गुंडाळले तर ट्राउटचे दात दोन-तीन माशांतच ते तोडतात. तांब्याची बारीक तार उलट्या दिशेने फिरवली तर आणखी टिकतं. हॅकल कोंबड्याचं नको: ते ताठ असतं, पाण्यात हलत नाही. लाइन अगदी सावकाश ओढायची.

ग्रीनवेल्स ग्लोरी १८५४ची, स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीवरची. कॅनन (चर्चचे धर्माधिकारी) विल्यम ग्रीनवेल यांच्यासाठी जेम्स राइट यांनी ती बांधली. पिवळं रेशीम गडद मेणाने ऑलिव्ह रंगाकडे झुकवायचं आणि वर सोनेरी तारेचे चार-पाच वेढे द्यायचे. ऑलिव्ह माशा (हिरवट पाणमाश्या) पाण्यातून निघत असताना ती फार कामाची, पण कसोटी पंखांची आहे. पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखाच्या पिसातून सारख्या रुंदीच्या पट्ट्या कापा, चिमटीत घट्ट धरा, धाग्याचा सैल फास वरून घ्या आणि सरळ खाली ओढा. फास तिरका ओढला की धाग्याच्या पिळाने पंख पलीकडे कलंडतात, पट्ट्या चिरतात. कलंडलेला पंख ढकलून सरळ होत नाही. धागा उलगडून पुन्हा बसवावा लागतो. डोळ्याजवळ जागा सोडली नसेल तर तेही जमत नाही. म्हणून ही तिसऱ्या क्रमांकाला, पहिल्या दोन्ही डझनभर बांधून झाल्यावर.