टेस्टडिस्क ७.२ : नव्या सिस्टिमला जुनी पार्टिशनं दिसत नाहीत तेव्हा

नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला घ्यावी आणि इन्स्टॉलरने भरलेली हार्ड डिस्क सरळ ‘अनअलोकेटेड’, म्हणजे रिकामी, म्हणून दाखवावी! पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, पण डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. बिघडलेली असते ती फक्त यादी, म्हणजे कुठलं पार्टिशन (डिस्कचा वेगळा आखलेला भाग) कुठल्या सेक्टरपासून (डिस्कवरचा छोटा कप्पा) कुठवर आहे याची नोंद. ती तपासायला आणि गरज पडली तर नव्याने लिहायला टेस्टडिस्क हे क्रिस्तोफ ग्रेनिए यांचं मोफत, जीपीएल या मुक्त परवान्याचं साधन आहे. ७.२ ही आवृत्ती २०२४ साली आली. विंडोज, लिनक्स, मॅकओएस तिन्हीवर चालते. विंडोजवर इन्स्टॉल वगैरे काही नाही. झिप उघडायची आणि प्रोग्रॅम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायचा.

मत आधीच सांगून टाकतो : निदानाला याच्या तोडीचं दुसरं नाही, दुरुस्तीला मात्र दर वेळी हेच हत्यार उपसू नये. पार्टिशन दिसत नाही म्हटलं की ज्याला त्याला टेस्टडिस्क सुचवलं जातं. त्यातल्या पुष्कळ केसेसमध्ये त्याची गरजच नसते.

टेस्टडिस्क उघडण्याआधी

विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पार्टिशन दिसतंय पण ‘धिस पीसी’मध्ये नाही, तर बहुधा ड्राइव्ह लेटर गेलेलं असतं. डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडच्या साधनात ‘लिस्ट व्हॉल्यूम’, मग ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ आणि नंबर, मग ‘असाइन’. काम संपलं. क्लोन केलेली डिस्क मूळ डिस्कसोबतच जोडली असेल तर दोघींची सही (डिस्कचा ओळखक्रमांक) एकच निघते आणि विंडोज त्यातली एक ऑफलाइन ठेवते. तिला ऑनलाइन केलं की विंडोज नवी सही देते. पण त्या क्लोनवरून पुढे बूट करायचं असेल तर सही बदलण्याआधी दोनदा विचार करा.

लिनक्सला एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशन दिसतं पण लिहिण्यासाठी माउंट होत नाही, म्हणजे जोडलं जात नाही, याचं नेहमीचं कारण म्हणजे विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शटडाउन केल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात सिस्टिम अर्धवट हायबरनेट झालेली असते. शिफ्ट दाबून शटडाउन करा किंवा फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका.

आणि डिस्कच दिसत नसेल तर तो पार्टिशनचा प्रश्नच नाही. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी (एसएसडी हाताळायचं इंटेलचं तंत्र) चालू असतं, आणि त्याचा आरएसटी ड्रायव्हर दिल्याशिवाय विंडोजच्या इन्स्टॉलरला एनव्हीएमई एसएसडी दिसतच नाही. ‘लोड ड्रायव्हर’मधून तो द्यायचा. तिथे टेस्टडिस्क काय करणार?

यातलं काहीही असो, विंडोजने ‘इनिशियलाइझ डिस्क’ किंवा ‘फॉरमॅट’ विचारलं तर नाही म्हणा. इनिशियलाइझने फाइल्स पुसल्या जात नाहीत, पण जुन्या यादीवर नवी, कोरी यादी लिहिली जाते.

जुन्याला चालतं, नव्याला का नाही?

जुनी विंडोज त्याच डिस्कवर मजेत चालतेय, आणि नव्या लिनक्सचा इन्स्टॉलर म्हणतो डिस्क रिकामी आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) यादी सैल हाताने वाचतो, पण जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन आणि कित्येक इन्स्टॉलर लिबपार्टेड या ज्या लायब्ररीवर उभे आहेत ती कडक आहे. यादीत एक नियमबाह्य नोंद दिसली की ती सगळी यादीच नाकारते.

नियमबाह्य म्हणजे काय, ते ३२० जीबीच्या डिस्कवर बघा. एकूण सेक्टर ६२५१४२४४८, म्हणजे शेवटचा ६२५१४२४४७. लिनक्समध्ये ‘एफडिस्क -एल’ ही कमांड चालवल्यावर एक्स्टेंडेड पार्टिशन (पोटात ‘लॉजिकल’ पार्टिशनं सामावणारं) ६२५१३७३४४ वर संपतंय आणि त्याच्या पोटातलं लॉजिकल मात्र ६२५१४२४४७ पर्यंत जातंय असं दिसलं, तर लॉजिकल ५१०३ सेक्टर बाहेर डोकावतंय. अडीच एमबीचा मामला, पण त्यापायी अख्खी डिस्क ‘रिकामी’. एक्सपीच्या काळात पार्टिशनं सिलिंडरच्या (डिस्क मोजायचं जुनं एकक) हद्दीवर बसवत, पहिलं सेक्टर ६३ पासून. व्हिस्टापासून पहिलं २०४८ व्या सेक्टरवर, म्हणजे १ एमबीवर सुरू होतं. दोन काळांतल्या साधनांनी एकाच डिस्कवर हात फिरवला की असे सांधे उसवतात.

दुसरं कारण जास्त चकवणारं आहे. यादीचे दोन प्रकार असतात, जुना एमबीआर आणि नवा जीपीटी. डिस्क पूर्वी कधीतरी जीपीटी होती, मग कुणीतरी तिच्यावर साधं एमबीआर लिहिलं. जीपीटीचा हेडर (यादीची ओळख सांगणारी नोंद) दुसऱ्या सेक्टरमध्ये असतो आणि त्याची प्रत डिस्कच्या अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये. एमबीआर लिहिणाऱ्याने फक्त पहिला सेक्टर बदलला तर हे अवशेष तसेच राहतात आणि नवं साधन गोंधळतं.

या दोन्ही दुखण्यांवर टेस्टडिस्कपेक्षा फिक्सपार्ट्स सरस आहे. रॉडरिक स्मिथ यांचं हे छोटं साधन जीडिस्क या त्यांच्याच जीपीटीच्या साधनासोबत येतं. ते जीपीटीचे अवशेष सापडले तर पुसू का विचारतं (हो म्हटलं की तेवढं तिथल्या तिथे पुसलं जातं, डिस्क खरोखर जीपीटी नाही याची खात्री करूनच हो म्हणा) आणि एक्स्टेंडेडची हद्द लॉजिकल पार्टिशनांवरून नव्याने आखतं. ‘पी’ने यादी बघायची, ‘डब्ल्यू’ने लिहायची. मिनिटाभराचं काम. यादी वाचता येतेय पण बेकायदा आहे, अशा वेळी तासन्‌तास डिस्क खरवडत बसण्यात अर्थ नाही. तसंच जीपीटीचा मुख्य हेडर खराब आणि शेवटची प्रत शाबूत असेल तर जीडिस्क : ‘आर’ने रिकव्हरी मेनू, ‘बी’ने प्रतीवरून मुख्य हेडर, ‘सी’ने प्रतीवरून यादी, ‘व्ही’ने पडताळणी, मग ‘डब्ल्यू’.

टेस्टडिस्कचा खरा आखाडा

यादीच गेली, चुकून पार्टिशन डिलीट झालं किंवा डिस्क इनिशियलाइझ झाली की टेस्टडिस्कला पर्याय शोधावा लागत नाही. ‘क्रिएट’ने लॉग सुरू करा, आकार बघून डिस्क निवडा. आकार चुकीचा दिसला तर तिथेच थांबा, डिस्कची यूएसबी केस (बाहेरचा डबा) किंवा केबल बदला. मग यादीचा प्रकार : इंटेल म्हणजे एमबीआर, ईएफआय जीपीटी म्हणजे जीपीटी. प्रोग्रॅम अंदाज सांगतो, पण अवशेषांवरून तोही फसू शकतो.

‘ॲनालाइज’वर आधी सध्याची यादी दिसते आणि चुका तिथेच लिहिलेल्या असतात. निम्मं निदान या एका पडद्यावर होतं, आणि लोक नेमका तोच न वाचता पुढे जातात. इथे ‘बॅकअप’ घ्या. तो ‘बॅकअप.लॉग’ या फाइलमध्ये जातो, तेव्हा टेस्टडिस्कचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर असू द्या.

आता ‘क्विक सर्च’. सापडलेल्या ओळी येतात, डावीकडे एक अक्षर : तारा (*) म्हणजे बूट होणारं प्रायमरी (कुणाच्या पोटात नसलेलं), पी प्रायमरी, एल लॉजिकल, डी डिलीटेड. डाव्या-उजव्या बाणाने अक्षर बदलतं. गंमत अशी की ‘पी’ हे बटणही आहे आणि त्याचं काम वेगळंच : ते दाबलं की त्या पार्टिशनमधल्या फाइल्सची यादी उघडते. सगळ्या टेस्टडिस्कमधलं सर्वांत मोलाचं बटण हेच. ओळखीची फोल्डरं नीट नावांनिशी दिसली तर हद्द बरोबर आहे. फाइल सिस्टिम उघडत नाही असा संदेश आला तर ते बहुधा जुन्या मांडणीचं भूत असतं. त्याला डी वरच ठेवा. दोन ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर दोन्ही निवडू देत नाही, ‘स्ट्रक्चर : बॅड’ म्हणतो. हा अडथळा नाही, राखण आहे.

काही सुटलं असेल तर ‘डीपर सर्च’. एनटीएफएसच्या बूट सेक्टरची (पार्टिशनचा पहिला सेक्टर) प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरमध्ये असते आणि फॅट३२ या दुसऱ्या फाइल सिस्टिमची ६ क्रमांकाच्या. हा शोध तीही धुंडाळतो. मोठ्या डिस्कवर तास जातात, आणि भुतंही जास्त निघतात.

‘राइट’, म्हणजे ही यादी डिस्कवर लिहिणं, मात्र सर्वांत शेवटी. फाइल्स ‘पी’च्या यादीत दिसतात म्हणजे तिथूनच त्या बाहेरही काढता येतात : ‘ए’ने सगळं निवडा, मोठ्या लिपीतल्या ‘सी’ने दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. हाताशी दुसरी डिस्क असताना आधी ‘राइट’ करण्याचं कारण मला दिसत नाही.

यूएसबी केसमधून काढलेली डिस्क

हा प्रकार वेगळा सांगण्यासारखा आहे. काही यूएसबी केस ५१२ बाइटच्या सेक्टरची डिस्क सिस्टिमला ४०९६ बाइटची म्हणून दाखवतात. अशा केसमध्ये पार्टिशन केलं की यादीत ‘सुरुवात सेक्टर २५६’ अशी नोंद होते. २५६ गुणिले ४०९६ म्हणजे बरोबर १ एमबी. तीच डिस्क थेट साटाला (मदरबोर्डवरच्या डिस्कच्या जोडणीला) जोडली की सिस्टिम २५६ ला ५१२ ने गुणते आणि १२८ केबीवर जाऊन शोधते. तिथे काहीच नसतं, म्हणून ‘रॉ’, म्हणजे फाइल सिस्टिम ओळखू न आलेलं, दाखवते. जीपीटी असेल तर हेडरही अपेक्षित जागी सापडत नाही. टेस्टडिस्कच्या ‘जिऑमेट्री’ मेनूत सेक्टर साइझ ४०९६ करून फाइल्स दिसतात का बघता येतं. पण साधा उपाय म्हणजे डिस्क पुन्हा त्याच केसमध्ये घाला, डेटा काढून घ्या, मग थेट जोडून नव्याने पार्टिशन करा. इथे ‘राइट’ने दोन्हीकडे चालणारी डिस्क होणार नाही.

तक्रारी

पडदा काळा, माउस चालत नाही, आणि संदेश इतके त्रोटक की नवख्याला ‘राइट’ आणि ‘रिटर्न’ सारखेच वाटावेत. बिटलॉकरच्या (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) आतलं किल्लीशिवाय वाचत नाही, ते अपेक्षितच. बिघडत चाललेल्या डिस्कवर हा प्रोग्रॅम थेट चालवणं तर धोक्याचंच : स्मार्टमध्ये (डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदींत) ‘करंट पेंडिंग सेक्टर’ शून्याहून जास्त दिसले तर आधी डीडीरेस्क्यू या साधनाने प्रतिमा (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घ्या आणि टेस्टडिस्कला त्या प्रतिमेची फाइल द्या. चालते.

‘राइट’ केलंच तर रीबूट लागतं. त्यानंतर विंडोज स्वतःहून चेकडिस्क (फाइल सिस्टिम तपासायचं तिचं साधन) सुरू करू पाहील. पार्टिशनची हद्द चुकली असेल तर चेकडिस्क त्या चुकीलाच खरं मानून फाइल सिस्टिम ‘दुरुस्त’ करतं, आणि ते परतवता येत नाही. तो उलटा मोजणारा पडदा आला की कुठलंही बटण दाबून थांबवा, आधी चार मोठ्या फाइल्स उघडून बघा.